निर्वातातून आलेली हाक

१७ मे १९९१, शुक्रवार. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. यंत्रातल्या कुप्या ३६०. हे आकडे मला आजही पाठ आहेत. कारण पुढे जे घडले, त्यात विश्वास ठेवण्यासारखे एवढेच आहे.

अंबरनाथ एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना होता. डेअऱ्यांसाठी आम्ही विरजणाचे जिवाणू गोठवायचो आणि बंद पेटीतली हवा काढून सुकवायचो. असे सुकलेले जिवाणू मरत नाहीत. दुधात पडले की जागे होतात.

त्या महिन्यात कोल्ड रूम बंद पडली आणि मूळ विरजण नासले. उरले ते या कुप्यांत. तेही गेले, तर कारखान्याला कुलूप लागणार होते.

ते विरजण अठरा वर्षे जपणाऱ्या द्रौपदीबाई मार्चमध्येच वारल्या होत्या.

शुक्रवारी वसाहतीला सुट्टी. शेजारचे कारखाने गप्प. पेटीजवळ मी आणि वांगणीचा ऑपरेटर बारकू.

आणि...

टक. टक. टक.

पेटीच्या आतून.

आमच्याकडे नियम होता. कोल्ड रूममध्ये कोणी अडकले आणि दारावर आतून तीनदा वाजले, की आधी उघडायचे, विचारपूस नंतर. बारकूचा हात सवयीने हवा सोडायच्या व्हॉल्व्हकडे गेला.

मी तो धरला. थंडीने स्टील आकसते, त्याचा आवाज होतो, असे समजावले. हवा शिरली तर सगळे वितळेल, हेही सांगितले.

“सायेब, स्टील मोजून तीनदाच आकसतं काय?”

पुन्हा... टक. टक. टक.

मग कोणीतरी खोकले.

दाबाच्या काट्यावर निर्वात पूर्ण होता. निर्वातातून आवाज येत नाही, हे मी तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकलो होतो. मी दाराला कान लावला...

द्रौपदीबाईंचाच आवाज.

“अजून आहोत आम्ही... उघडा.”

बारकू रडू लागला. “बाय हाका मारतेय, सायेब. उघडू द्या. नोकरी गेली तं गेली.”

मी दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह घट्ट धरून उभा राहिलो. मनात एकच विनवणी... बाई, थोडे थांबा. तुमच्याच विरजणासाठी उघडत नाही.

टकटक मंदावली. तिनाच्या दोन झाल्या.

मग एक...

मग फक्त पंपाची घरघर.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी दार उघडले. आत कोणी नव्हते. भुकटी पांढरीशुभ्र, कोरडी. इतका सुरेख माल आम्ही कधीच काढला नव्हता.

दोष कशात होता, ते कोणालाही सापडले नाही. आजही दारावर तीनदा वाजले, तर कोण आहे हे मी विचारत नाही. आधी उघडतो.

त्या कुप्या आम्ही एकेक करून कोमट दुधात सोडल्या. शेवटच्या कुपीपर्यंत.

जिवंत निघाल्या : शून्य.