चांदणीसाठी एक पोहरा

"चांदणी गेली! माझी चांदणी गेली!"

मेहताबची आरोळी ऐकून शेजारचा कानिफ आणि त्याची बहीण विजयमाला हातातली भाकरी तशीच घेऊन धावत आले.

चांदणी म्हणजे मेहताबचं कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं! लढाई संपली तसा लष्करात लॉरी चालवणारा गनीमामू काठेवाडातून परतला आणि येताना भाचीसाठी ते घेऊन आला. मेहताब उन्हाळ्याच्या सुट्टीत नगरहून नेवाशाजवळच्या या गावी नानांकडे आली होती, पण चांदणीपुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी कोवळं ऊन, दुपारी सावली, खायला घोळीची पानं आणि बशीत पाणी. मामूनं शिकवलं तसं ती सगळं अगदी मनापासून करी.

"जाईल कशी?" विजयमाला अंगणातलं दगडांचं कुंपण न्याहाळत म्हणाली. "एक दगड हललेला न्हाई. कुनीतरी उचलून नेलीय!"

"चोर!" कानिफ ओरडला.

"चोर हळदीकुंकू वाहतो व्हय रे?"

खरंच की! कुंपणाशी हळदीकुंकू सांडलं होतं. तिघांच्याही डोक्यात एकदम प्रकाश पडला. पाणी बिघडलं की कासवाची पूजा करायची आणि त्याला विहिरीत सोडायचं, ही गावाची रीत. आणि पिंपळाखालच्या विहिरीचं पाणी तर पार हिरवं पडलं होतं!

"पण ती जमिनीवरची आहे! मामू म्हणाला होता, तिला पोहता येत नाही!" मेहताबला रडूच फुटलं.

तिघं सुसाट पळाली.

विहिरीवर कानिफची कडूआत्या पूजेचं ताट घेऊन उभी होती. शेजारी मेहताबचे नाना, चांदभाई, कौतुकानं आत बघत होते.

"ये बेटी! मीच दिलं तुझं कासव. गावाच्या कामी आलं. बघ, कसं खूश हाय!"

मेहताबनं वाकून पाहिलं. चांदणी पाय झाडत होती. नाक क्षणभर वर येई, पुन्हा बुडे.

"नाना, ती बुडतेय! काढा तिला!"

"कासव कधी बुडतं व्हय?" कडूआत्या म्हणाली. "अन् विहिरीला वाहिलेलं परत घ्यायचं नसतं, पोरी."

आता? कानिफनं डोकं खाजवलं आणि घशाला हात लावला. "आत्या, लई तहान लागली गं! पानी शेंदू?"

"शेंद की! पान्याला कोन नगं म्हनतंय?"

पोहरा सरसर खाली गेला. विजयमाला काठावर पालथी पडली. "डावीकडं... अजून... आता बुडव!"

पहिल्यांदा नुसतं पाणीच आलं. दुसऱ्यांदा पोहरा जड लागला. त्यात चांदणी होती. निपचित!

मेहताबनं तिचं डोकं खाली करून धरलं. नाकातून पाणी ओघळलं, पण पाय लोंबतच राहिले. नानांचं हसू पार मावळलं.

मग एक पाय किंचित हलला!

"जिती हाय!" कानिफनं टुणकन उडी मारली.

"हे पाय बघा, नाना," मेहताब हुंदके देत म्हणाली. "नदीतल्या कासवाच्या बोटांना पडदे असतात. हिचे पाय हत्तीसारखे जाड. ही पोहणार कशी?"

नानांनी तो जाडसर पाय हळूच चाचपला. "चुकलो, बेटी. कासव म्हंजे पान्यातलं, एवढंच ठाऊक. तुला विचारायला हवं हुतं."

"आनि पानी बिघडलंय ते पिंपळाच्या कुजक्या पाल्यानं," विजयमाला म्हणाली. "त्याला कासव काय करनार? पाला काढा!"

कडूआत्यानं पदरानं डोळे पुसले आणि ती कानिफकडे वळली. "अन् तू रे? लई तहान लागली हुती न्हवं? पी आता!"

हिरव्या पाण्याकडे बघून कानिफनं असं तोंड केलं, की मेहताबसुद्धा हसली.

त्याच आठवड्यात गावातली माणसं विहिरीत उतरली. टोपल्या टोपल्या पाला वर आला, झरे मोकळे झाले, पाणी निवळलं. पहिला पोहरा कडूआत्यानं शेंदला आणि तडक चांदभाईंच्या अंगणात आणून बशीत ओतला.

"पी, बाई. पहिला मान तुझा. या गुनी लेकरांनी तुला काढलं, न्हाईतर माझ्याच हातनं जीव गेला असता तुझा."

चांदणीनं मान बाहेर काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि बशीत तोंड घातलं.