मिसेस हॉलिसचा वाडगा

मोठा दिवा राहू द्या, एवढा उजेड पुरे आहे. चहा घ्या आणि ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण नंतर कुणी हसलं की मला राग येतो.

माझा हेतू एवढाच होता, की हरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एकदा घराबाहेर काढायचं. हीथ्रोच्या हँगरमध्ये विमानांचं वायरिंग करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि हा माणूस हाउन्सलोच्या या घरात, या समोरच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. काठी हातात घेईना, ब्रेल शिकेना. मी खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरायचा. ज्या हातांवर आमचं घर चाललं, ते हात दिवसभर काखेत दाबून बसलेला असायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर राग जास्त.

आमची सिया बेसिंगस्टोकला नोकरी करते. तिनंच फोनवर सुचवलं. "आई, मेडनहेडला एक ओल्ड लेडी आहे. तिच्या घरी जॅपनीज क्राफ्ट्स आहेत, सगळा वस्तू टच करायचा असतो. ब्लाइंड लोकांसाठीच ठेवलाय. बाबाला घेऊन जा ना." पोरीचं मराठी असं, पण बोलते मुद्द्याचं.

गेला, म्हणजे २००६चा डिसेंबर होता. बसनं स्लाउ, तिथून ट्रेन. मेडनहेडला उतरून नदीकडे जाणाऱ्या गल्लीत शिरलो तेव्हा दुपारच होती, पण उजेड संपत आला होता. सगळ्या वाटेत हरीश एकच वाक्य बोलला, "दुकानात हात लावू नका म्हणतात, इथे हात लावायला एवढ्या लांब आणलंस."

मिसेस हॉलिस सत्तरीच्या, काटकुळ्या, अगदी हळू बोलणाऱ्या. त्यांचा नवरा रॉबर्ट तरुणपणीच आंधळा झाला होता. तो बरीच वर्षं जपानात राहिला आणि हाताला जे आवडलं तेवढंच विकत घेऊन आला. तो वारल्यावर बाईंनी त्याची खोली शनिवारी दुपारी लोकांसाठी उघडी ठेवली होती. त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी आलं नव्हतं.

खोलीचे पडदे ओढलेले होते. आत ओल्या मातीचा आणि कापराचा वास येत होता. "अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, लाखेला ओरखडा जातो," बाई म्हणाल्या. "वस्तू टेबलापासून उंच उचलायची नाही. आणि ज्यांना दिसतं त्यांनी डोळे मिटायचे."

"चला," हरीश मराठीत पुटपुटला, "आज सगळे माझ्याच पंगतीला."

मी डोळे मिटले. पहिल्यांदा हातात कागद आला. त्याची फाटकी कड केसाळ होती, नुसती कुरवाळत बसावीशी वाटणारी. मग लाखेची डबी आली. मला वाटलं होतं काचेसारखी गार असेल, तर चांगली उबदार निघाली. मग लाकडाचे दोन तुकडे खिळ्याशिवाय एकमेकांत बसवलेले. त्यांचा सांधा मी नखानं शोधला, सापडला नाही. हरीश प्रत्येक वस्तू घेत होता आणि 'हं' म्हणून पुढे सरकवत होता.

मग वाडगा आला. जाड, खरबरीत, चहा पिण्याचा. हरीशचं 'हं' आलं नाही. बराच वेळ नुसता मातीवरून बोटं फिरल्याचा आवाज येत राहिला.

"हा चाकावर केलेला नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "नुसत्या हातांनी वळलाय. इथे त्याची चार बोटं आहेत. अंगठा इथे. डावखुरा होता का तो?"

"रॉबर्टही हेच विचारायचा," मिसेस हॉलिस म्हणाल्या.

दोन वर्षांत माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा काहीतरी जाणून घ्यायला विचारलं होतं. अंधारात मी रडले, कुणाला दिसलं नाही ते बरंच झालं.

बाईंनी आठवडाभरासाठी वाडगा घरी न्यायला दिला. हलक्या लाकडाच्या पेटीत, दोरीची गाठ मारून. "काही जणांना लागतो," एवढंच म्हणाल्या. तो आठवडाभर हरीश वाडगा मांडीवर घेऊन बसला, पण बसला तो हात काखेतून काढून.

पुढच्या शनिवारी परत करायची वेळ आली, तेव्हा मी आपली सवयीनं त्यात बेसनाचा एक लाडू ठेवला. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. इथे शेजारच्या मॉरीनचा केकचा डबासुद्धा मी कधी रिकामा दिलेला नाही. यात कुणाला काय वावगं वाटणार?

मिसेस हॉलिसनी पेटी उघडून डोळे मिटून हात आत घातला आणि दचकल्या. "हे काय आहे?"

मी रीत समजावून सांगितली. त्यांना फार गंमत वाटली. लाडू चाखून पाहिला, पुन्हा पुन्हा थँक्यू म्हटलं. मग वाडगा आणखी आठवडाभरासाठी आमच्या हवाली करताना रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस ना रॉबर्ट? आता आपल्यालाही रिकामा देता येणार नाही." आम्ही तिघंही हसलो.

घरी आल्यावर हरीशनं या टेबलावर पेटी सोडली. मी ओट्यापाशी चहाचं बघत होते.

"सुनीती, यात काय ठेवलंय त्यांनी?"

"कुठे काय. माझ्यासमोरच रिकामा पेटीत घातला की."

"रिकामा नाहीये हा…"

मी येऊन पाहिलं. आत वाडग्याचा काळा तळ, दुसरं काही नाही. हरीशची बोटं वाडग्याच्या तळाशी होती आणि अगदी सावकाश हलत होती, कुणाच्या तरी हातात हात असावा तशी.

"डोळे मीट," तो म्हणाला. "मीट ना. बघू नकोस…"

मी मिटले आणि बोटं आत घातली. गार माती लागली. क्षणभर काहीच नाही. मग माझ्या बोटाच्या टोकाला काहीतरी टेकलं. त्यानं पकडलं नाही, ओढलं नाही. नखावरून फिरलं, पेरावरून खाली आलं, अंगठीपाशी थांबलं. आणि अंगठी एकदा पूर्ण फिरवून पाहिली.

मी हात ओढून घेतला. डोळे उघडले तर वाडगा रिकामा होता.

"एक बोट वाकडं आहे त्याचं," हरीश म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. नवा पाहुणा आल्यावर माणूस बोलतो तसं बोलत होता.

मला भीती वाटली, का नाही वाटणार? पण त्या आठवड्यात काय काय झालं तेही ऐका. कामावरून आले की मसाल्याच्या डब्यातल्या मोहरीत बोट फिरल्याच्या रेघा असायच्या. तूरडाळीत हात घालून काढल्याचा खळगा. कपाटातल्या पैठणीचा पदर उलगडलेला, जरीची कड वर. फ्रिजमधल्या कणकेवर बोट दाबून पाहिल्याच्या खुणा. मी हरीशला विचारलं, "तू करतोयस ना हे?" तो म्हणाला, "काही मी, काही तो. त्याला हे सगळं नवीन आहे गं. चिंच हातात घेऊन किती वेळ बसला होता!"

आणि तो हरीश स्वतः उठून मटार सोलायला लागला. कांदा चिरायला लागला, बोटांनी अंदाज घेत, न कापता. बुधवारी मी थकून सोफ्यावर टेकले होते, तर आला आणि माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. "किती वाळलीस तू," म्हणाला. मला कळेना, घाबरू की देवाचे आभार मानू. त्या दिवशी मी आभारच मानले.

तरी शनिवारी मी वाडगा घासून, पुसून, मुद्दाम रिकामा नेला. रीत असेना का. ही देवाणघेवाण इथेच थांबलेली बरी, असं मला वाटलं.

मिसेस हॉलिसनी हात आत घातला. डोळे मिटून बराच वेळ बसल्या. हात बाहेर काढला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना.

"तो यात नाही," त्या म्हणाल्या.

तेव्हा सगळं कळलं. रॉबर्ट गेल्यापासून त्या रोज संध्याकाळी वाडग्यात हात घालून बसायच्या, आणि तो यायचा. कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी नेला तरी वाडगा नुसताच जायचा, तो घरीच थांबायचा. "त्या दिवशी मी गमतीनं म्हटलं," त्या म्हणाल्या, "आणि त्यानं खरं मानलं. द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून स्वतःच निघाला."

हरीशनं विचारलं, "त्याचं एक बोट वाकडं होतं?"

बाईंनी मान हलवली. हरीशला ती दिसणार नाही हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "हो. डावीकडचं, करंगळीशेजारचं."

मी म्हटलं, "आम्ही काय करू सांगा. कसा परत पाठवू?"

"पाठवून तो कधीच कुठे गेला नाही." त्या जराशा हसल्या. "इथलं सगळं त्याला पाठ झालंय, मीसुद्धा. तुमच्याकडचं पाठ झालं की कंटाळेल, मग येईल. वाडगा तुमच्याकडे असू द्या. भरल्यासारखा वाटला की घेऊन या."

ट्रेनमध्ये हरीश पेटी मांडीवर धरून बसला होता. स्लाउ जवळ आल्यावर म्हणाला, "सुनीती, तो गेला आणि माझे हात पुन्हा तसेच झाले तर…?"

मी पेटीची दोरी पुन्हा घट्ट बांधली.

आता फेब्रुवारी सरत आला. मिसेस हॉलिस दर रविवारी फोन करतात. तब्येत विचारतात, हवेचं बोलतात आणि शेवटी हळूच विचारतात, "अजून काही उरलंय का?" मी म्हणते, "आहे थोडं." त्या म्हणतात, "घाई नाही," आणि फोन ठेवायला वेळ लावतात. मला फार वाईट वाटतं त्यांचं.

डाळी झाल्या, मसाले झाले. साड्या एकूण एक झाल्या. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण झाला, सियाचे लहानपणचे बूट झाले. आता डब्यातल्या मोहरीत रेघा नसतात. मला वाटलं, कंटाळला असेल. वाडग्यात हात घालून पाहिला तर रिकामाच.

मग एका संध्याकाळी मी इथेच, या सोफ्यावर बसले होते आणि माझ्या हातावर हात आला. पेरांवरून फिरला, मनगटापर्यंत आला, थांबला. मला वाटलं हरीश. मी आपली तशीच बसून राहिले, बरं वाटत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हरीशनं विचारलं, "कोथिंबीर संपली का गं?"

तेव्हापासून रोज येतो. रोज थोडा वर सरकतो. कोपरापर्यंत झालं, खांदा झाला. घाई करत नाही, दुखवत नाही. जिथे कालपर्यंत पोहोचला असेल तिथूनच आज सुरुवात करतो. या घरात त्याला पाठ व्हायची तेवढी आता मीच राहिलेय. माझा चेहरा झाला की तो जाईल, मिसेस हॉलिसना त्यांचा माणूस मिळेल. हरीशला काय उरेल ते मला माहीत नाही.

काल तो गळ्यापाशी येऊन थांबला. आत हरीश गुणगुणत कांदा चिरत होता, सुरीचा आवाज अगदी एका लयीत येत होता. हनुवटीखाली ते वाकडं बोट टेकलं आणि वाट बघत राहिलं. मी मान उचलून दिली नाही, आणि बाजूलाही केली नाही.