कपाटातला श्वास

खोटं वाटलं तर वाटू दे. मी काही उठसूट भुतं बघणारी बाई नाही. पण हे माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलंय, एका रविवारी, भर दुपारी.

लहानपणापासून आम्ही तिला शिट्टी म्हणतो. झोपली की तिचं नाक बारीक वाजायचं. आम्ही भावंडं अंथरुणात हसून हसून लोळायचो.

तिचा नवरा घरी बसून एकट्यानेच कॉम्प्युटरचा गेम बनवत होता. जुन्या गेमसारखा, जाड जाड ठिपक्यांचा. त्यात ना बंदूक, ना शत्रू. नुसतं भुयारातून चालायचं. पुढे जावं तसं भुयार अरुंद होत जातं... आणि सोबतीला फक्त आपलाच श्वास.

गेम काही संपेना. जेवताना भुयार, झोपताना भुयार. शिट्टी पार वैतागली होती.

"एकदाचा हातावेगळा कर बाबा तो गेम," ती म्हणायची. "मला माझा नवरा परत हवाय."

त्या रविवारी फक्त श्वासाचा आवाज भरायचा राहिला होता. भावोजींनी तिला कपड्यांच्या कपाटात बसवलं. कपडे आवाज शोषून घेतात, अजिबात घुमत नाही, म्हणून. मांडीवर माईक, दार बंद.

"नुसता श्वास घे. बोलू नकोस."

आठवडाभर ऑफिसात राबलेली बाई ती. अंधार, कपड्यांची ऊब...

बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

भावोजी रेकॉर्डिंग ऐकून खूश! "झोपेतला श्वास काय झकास आलाय! जरासं घुमतंय फक्त. मागे अजून एक श्वास ऐकू येतोय."

शिट्टी जांभई देता देता थांबली.

"घुमत नाही म्हणून तर कपाटात बसवलंस ना मला?"

भावोजींनी रेकॉर्डिंग मागे नेलं.

दोघांनी पुन्हा ऐकलं.

एक श्वास... आणि किंचित उशिरा, दुसरा.

माईकच्या अगदी जवळून.

भावोजींनी कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढून टाकले. आत काहीच नव्हतं.

"परत रेकॉर्ड करू या का?"

"मी नाही बसायची आता तिथे," शिट्टी म्हणाली. तिच्या अंगात त्राणच नव्हतं. "त्यातला एक काढून टाक आणि संपव बघू."

त्यांनी दोन्ही श्वास वेगळे केले. एक जोरकस होता, एक दबका. जोरकस तो हिचा, असं त्यांनी धरलं.

दबका पुसून टाकला.

संध्याकाळी शिट्टी गेम तपासायला बसली. कानाला हेडफोन. ती चालत राहिली. भुयार अरुंद होत गेलं. श्वास चालू होता...

पण काहीतरी कमी होतं.

तिने हेडफोन काढला.

"अरे... यात माझं नाक वाजत नाहीये."

भावोजींनी पुसलेला आवाज परत आणायचा खूप प्रयत्न केला. नाहीच आला. गेम त्यांनी तिथेच सोडला. आता ते पूर्ण वेळ तिच्याजवळ असतात. हवा तसा नवरा मिळाला म्हणायचा तिला. पण ती झोपली की ते उशाशी कान देऊन बसतात.

मला वाटलं, मनाचे खेळ असतील यांच्या.

मग मागच्या महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली. दुपारी जरा आडवी झाली आणि लगेच झोपली. हल्ली फार दमते बिचारी. मी शेजारीच पडले होते.

श्वास चालू होता. संथ. जोरकस.

नाक वाजत नव्हतं.

वयाबरोबर थांबलं असेल, मी स्वतःला समजावलं. तरी राहवेना. तिला हलवून उठवावं म्हणून हात पुढे केला...

आणि तसाच मागे घेतला.

डोळे उघडून माझ्याकडे बघेल ती आमची शिट्टीच असेल, असं मला काही केल्या वाटेना.