झाकणावरचं नाव

आमच्या कामाचा पहिला नियम साधा आहे. नाव प्लेटच्या तळावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं सारखीच असतात, एकाचं दुसऱ्याला बसतं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तेवीस वर्षं अशा प्लेटांत जंतू वाढवते आहे आणि नव्या माणसाला आधी हेच सांगते. माझ्या बहिणीलाही सांगितलं होतं. ती तरी झाकणावरच लिहायची. "ताई, झाकण काय पळून जातंय?" म्हणून हसायची, आणि सगळी प्रयोगशाळा तिच्याबरोबर हसायची.

लोक तिच्याबरोबर हसतात हे मला लहानपणापासून बघवत नाही. स्पष्टच सांगते. घरी ती धाकटी, इथेही सगळे तिला धाकटीच म्हणतात, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. काम तिला मी शिकवलं, हाताला धरून. यंदा विभागप्रमुखाची जागा निघाली, ती मात्र तिला मिळाली. मी सगळ्यांसमोर तिला मिठी मारली आणि घरी जाऊन रात्रभर जळफळत राहिले.

तिच्या बढतीच्या पार्टीला क्रीमचा केक होता. मोठी बहीण म्हणून तो मीच कापावा असा सगळ्यांचा आग्रह. आदल्या दिवशी काचपट्टीनं माझा अंगठा कापला होता. जखम बांधायला हवी होती, बांधली नाही. केक मी दुपारी कापून ठेवला. मोठे डॉक्टर मीटिंगमध्ये अडकले, त्यामुळे तो चार तासांनी खाल्ला गेला. धाकटी वाढण्यातच राहिली. माझ्या तर तो केक घशाखाली गेलाच नसता.

रात्रीपर्यंत अकरा जण उलट्यांनी बेजार झाले.

असं कसं होतं, ते मी शिकाऊ मुलींना दरवर्षी सांगते. जखमेतला जंतू क्रीममध्ये पडतो, उबेत वाढतो, विष सोडतो. माणसाला आडवं करतं ते विष. जंतू उकळून मरतो, विष उकळूनही राहतं.

केकला हात लागले होते ते आम्हा दोघींचेच. मी तिच्या बोटांचा स्वॅब घेतला, तिनं माझ्या अंगठ्याचा. तिचं एकेक बोट मी उलटून पाहिलं, कुठे ओरखडाही नव्हता. ते स्वॅब दोन प्लेटांवर फिरवले आणि दोन्ही झाकणांवर तिनंच लिहिलं, 'ताई' आणि 'धाकटी'.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. प्लेटा उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडताच ओळखीचा उबट वास आला. 'ताई' लिहिलेली प्लेट जंतूंच्या सोनेरी ठिपक्यांनी भरली होती. 'धाकटी' नितळ होती, आत्ताच जेली ओतल्यासारखी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझ्याकडेच बघतंय असं वाटलं. मी झाकणांची अदलाबदल केली. आवाजही झाला नाही.

"चौकशी होईपर्यंत तू रजेवर जा, धाकटे," मोठे डॉक्टर ओशाळून म्हणाले. "तोवर ताई विभाग बघतील."

तिनं ती ठिपक्यांची प्लेट हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"बरं," एवढंच म्हणाली.

त्या दुपारी हात धुताना माझ्या लक्षात आलं की अंगठ्यावरची चीर नाहीशी झाली आहे. खपली नाही, वण नाही. जखमा भरतात, पण अशा नाही भरत. संध्याकाळी धाकटीचा फोन आला, सहज केल्यासारखा. तिचा अंगठा ठणकत होता. काही लागलं नव्हतं, तरी बरोबर त्याच जागी चीर पडली होती.

तिसऱ्या दिवशी ताप चढला म्हणून तिला दाखल केलं.

"औषधानं जंतू मरतोय," मोठे डॉक्टर म्हणाले, "पण विष रक्तात भिनत चाललंय. कुठून येतंय कळत नाही."

अशा प्लेटा वाफेत शिजवून नष्ट करायच्या असतात. मी त्या दोन्ही फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, मागे लपवल्या होत्या. का, ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी राहवलं नाही, म्हणून त्या बाहेर काढून ज्याचं झाकण त्याला लावलं. दहा मिनिटांत माझा अंगठा ठणकू लागला. अर्ध्या तासानं वॉर्डातून नर्सचा फोन आला.

"ताई, ताप उतरला! उठून बसलीय, चहा मागतेय!"

मी अंगठ्याकडे पाहिलं. चीर पुन्हा उघडली होती आणि तिच्या कडा सोनेरी होत्या.

मी घाबरले. झाकणं पुन्हा बदलली. दुपारी तिचा ताप एकशे चार झाला.

त्यानंतरचा दिवस मी अंथरुणात काढला. शेवटी ठरवलं, जे माझं आहे ते परत घ्यायचं. काही झालं तरी पाठची बहीण. त्याआधी एकदा तिला डोळे भरून पाहावं म्हणून वॉर्डात गेले.

खाटेभोवती गर्दी होती. लिफ्टवाला, फरशी पुसणाऱ्या मावशी, कॅन्टीनवाली. कॅन्टीनवाली स्वतः दोन दिवस सलाईनवर होती, आणि जिच्यामुळे आपण आजारी पडलो असं तिला वाटत होतं तिच्यासाठीच फुलं घेऊन आली होती. माझ्या खाटेशी कोण आलं असतं? मला एकही नाव सुचेना.

सगळे गेल्यावर धाकटीनं डोळे उघडले.

"ताई, झाकणं तू बदललीस ना?"

मी तिची चादर सारखी करू लागले.

"प्लेटांच्या तळाच्या कडेला मी बारीक अक्षरांत नावं लिहिली होती. तू शिकवलंस तसं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती." ती हसली. "माझं काय, मी कुठेही गेले तरी माणसं जमवेन. तुझं कसं झालं असतं?"

मी तिच्या पायांवर पडायला हवं होतं. पण मी तडक उठून बाहेर पडले. क्षमाही तिनंच करायची, आणि कीवही तिनंच.

प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी प्लेटा बाहेर काढल्या, चष्मा लावला. सोनेरी ठिपक्यांच्या प्लेटच्या कडेवर खरंच लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. 'ताई'.

'धाकटी' लिहिलेलं झाकण माझ्या हातात होतं. ते बदलायला एक क्षण पुरला असता.

मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि कडेवरचं 'ताई' पुसून टाकलं.

झाकण होतं तसंच लावलं. प्लेटा जागेवर ठेवल्या. हात धुतले.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला गेले. ताप तेवढाच होता, पण ती शुद्धीवर होती. लिफ्टवाल्याला तिनं मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मावशींना त्यांच्या गुडघ्यांचं. कोणाला विसरली नव्हती.

मग तिची नजर माझ्यावर आली. ती हसली, अनोळखी माणसाकडे पाहून हसतात तशी, आणि अंग चोरून मला जागा करून दिली.

"बसा ना," ती म्हणाली. "तुमचं इथे कोण आहे?"