कोड्यातली रिकामी घरं

म्हैसूरमधल्या बोगादीच्या बसथांब्यावर बारीक पाऊस भुरभुरत होता आणि सुप्रीताच्या हातातला पेपर कडेकडेने ओला होत चालला होता. शेजारी उभा असलेला उंच तरुण फोनवर आईला सांगत होता, की कुरडया पाठवू नकोस, इथे तळत बसायला वेळ कुणाला आहे. इतकी स्वच्छ मराठी त्या थांब्यावर कधी ऐकू येत नसे. त्याने फोन खिशात टाकला, तशी ती जरा सरकली.

"तुम्ही मराठी... ना?"

"हो. का?"

"बैलाच्या गळ्यात वाजते. पाच अक्षरं."

तो क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला. "घुंगुरमाळ."

तिने पेन्सिलीने पाच घरं भरली, मान लववली आणि आलेल्या बसमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी तोही त्याच वेळी थांब्यावर होता. तिसऱ्या दिवशीही. नील सबनीस त्याचं नाव. मूळचा साताऱ्याचा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हैसूरला आलेला. सुप्रीता विजयनगरच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात शिपाई म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी होती, पण तिच्यात निम्मी कन्नड मिसळलेली. "कोड्यातले शब्द आमच्या घरात राहत नाहीत," ती म्हणायची. "पाहुणे आल्यासारखे पेपरातून येतात."

एकदा चार अक्षरांचा शब्द अडला: मनाला लागून राहिलेली अस्वस्थता. त्याने सांगितलं, हुरहूर. तिने लिहिलं आणि विचारलं, म्हणजे नक्की काय?

"कसं सांगू... थांब्यावर उभं राहून वाट बघावी, आणि येणारं माणूस येऊ नये. तेव्हा होतं ते."

"बस आली नाही तर मला फक्त राग येतो."

"मी बसबद्दल बोलत नव्हतो," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे पाहू लागला.

तिने पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या दिवशी शाळेत फळ्यावर तिने सोपी बेरीज चुकवली.

हे कोडं कुणासाठी, ते मात्र तिने दोन महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आवाज सांभाळून सांगितलं. तिचे वडील सयाजीराव रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची आई कोल्हापूरकडची; तिने त्यांना मराठी वाचायची गोडी लावली होती. बेळगावहून एक दिवस उशिरा येणारा मराठी पेपर त्यांनी तीस वर्षं घेतला आणि त्यातलं शब्दकोडं एकही घर रिकामं न ठेवता सोडवलं. आता त्यांचे शब्द हरवत चालले होते. आधी माणसांची नावं गेली, मग भांड्यांची. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढतच जाणार. एका संध्याकाळी कोड्यात चार घरं उरली, तर सयाजीराव जेवले नव्हते. तेव्हापासून ती रोज सकाळी आदल्या दिवशीचं अर्धवट कोडं पिशवीत घालून नेई, त्यांच्यासारख्या अक्षरात पुरं करी आणि परत येऊन खुर्चीवर ठेवी. ते बघत आणि समाधानाने म्हणत, "झालं की सगळं."

बस आली तेव्हा नीलने पहिल्यांदाच तिच्या खांद्यावरची जड पिशवी आपल्या हातात घेतली.

मग तो रविवारी घरी येऊ लागला. सयाजीरावांना त्याचं नाव लक्षात राहत नसे, पण तो आला की ते सदरा बदलत. अशाच एका रविवारी त्यांनी पुरं झालेलं कोडं मांडीवर घेतलं आणि एका घरावर बोट ठेवलं.

"पुट्टी, हा 'ळ' माझा नाही."

लहानपणी हाक मारत तशीच त्यांनी हाक मारली होती. सुप्रीता कॉफीचा पेला हातात धरून उभी राहिली.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला," ते सावकाश म्हणाले. "तू घरी येताना हसत यायचीस. म्हणून गप्प बसलो. आता हा घरीच येतो. बेडा... नको हे. पेपर बंद कर."

पेपर बंद झाला. खुर्चीत ते रिकाम्या हातांनी बसून राहत. थांब्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही. दोघं नुसतीच शेजारी उभी राहत, आणि बस फार लवकर येई.

डिसेंबरात सयाजीरावांनी कावेरीकाठच्या तलकाडला जायचा हट्ट धरला. लग्नानंतर बायकोला, वनजाला, घेऊन ते पहिल्यांदा तिथेच गेले होते. वनजाला जाऊन सहा वर्षं झाली होती. नीलने गाडी काढली. देवळांकडे जाणाऱ्या वाळूत तिघं अनवाणी चालत होती, आणि मध्येच सयाजीराव थांबून सुप्रीताला म्हणाले, "वनजा, माझा हात धर. वाळूत पाय रुततो तुझा."

तिने हात धरला. देवळाच्या सावलीत त्यांना बसवीपर्यंत तिने तो सोडला नाही. मग ती थोडी लांब गेली आणि पाठ वळवून उभी राहिली. नील मागून आला.

"आज सांगायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण लपवणंही जमत नाही. ऑफिस पुण्याला हलतंय. फेब्रुवारीत जावं लागेल."

तिने डोळे पुसले. "जावा."

"एवढंच?"

"जाऊ नका म्हणायला मी कोण? शब्द विचारणारी बाई." ती त्याच्याकडे वळली. "गेलात तर मला बरं वाटणार नाही. तुंबा... खूप वाईट वाटेल. झालं? सांगितलं."

"मग थांबशील माझ्यासाठी? वर्ष, दोन वर्षं—"

"ते नको मागू." पहिल्यांदाच ती 'तू'वर आली होती. "थांबायचं म्हणजे काय, नील? अप्पा जायची वाट बघायची. रोज सकाळी त्यांना आंघोळ घालायची आणि मनात दिवस मोजायचे. मला नाही जमणार."

तो म्हणाला, "तर लग्न आत्ताच करू. ते आहेत तोवर. मी पुण्याला जाईन, महिन्यातून दोनदा येईन. तू इथेच राहा, त्यांच्याजवळ. पण माझी बायको म्हणून राहा."

तिने हात पुढे केला, वाळूने माखलेला.

जानेवारीत चामुंडी टेकडीच्या पायथ्याच्या देवळात लग्न लागलं. साताऱ्याहून नीलची आई आली, शाळेतल्या चार शिक्षिका आल्या. सयाजीरावांनी अक्षता टाकल्या, जेवताना पायसम दोनदा मागून घेतलं. परतताना ते पुढे नीलशेजारी बसले, मागे सुप्रीता आणि नीलची आई. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "लग्न कुणाचं होतं?"

"माझं, अप्पा."

"हौदा? खरंच?" त्यांचा चेहरा उजळला. "कुणाशी?"

"यांच्याशी. गाडी चालवतात ते."

त्यांनी नीलला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "छान केलंस पुट्टी."

पुढच्या सिग्नलला त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी नीलने सांगितलं. नंतर त्याच्या आईने. बोगादी येईपर्यंत चार वेळा विचारून झालं. चारही वेळा ती बातमी त्यांना नवीच होती, आणि चारही वेळा ते तितकेच हरखले. मागच्या सीटवर सुप्रीता रडतही होती आणि हसतही होती... आणि त्यांनी पाचव्यांदा विचारायची वाट बघत होती.