रखमाच्या बापाच्या गोळ्या

हे घडलेलं आहे. रचलेलं नाही.

ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, माझी काही हरकत नाही. सन एकोणीसशे सत्तावन्न, पौषातली गोष्ट. गाव कुरुळी, चाकणच्या अलीकडं. आणि वेळ म्हणाल तर रात्रीची नव्हे, भर दुपारची. माझ्या वडिलांची मामी भागूबाई, तिच्या घरात हे घडलं.

भागूबाईच्या नवऱ्याला, चिमाजीला, झोप येत नव्हती.

धाकटा पोरगा तापानं गेला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. रात्रभर पडवीतल्या बाजेवर या कुशीवरून त्या कुशीवर. बाज करकरायची... थांबायची... पुन्हा करकरायची. भागूबाई आत पडून ऐकायची. दिवसा औत हाकता हाकता तो बांधावर बसून रडायचा. तिला दुसरं काही नको होतं. या माणसाला एक रात्र सुखाची झोप लागावी, बस्स.

अशात पुण्याहून एक डॉक्टर दर बुधवारी चावडीत येऊ लागला. झोपेचं नवीन औषध निघालं होतं. ते गुण देतं का, हे माणसांवर बघायचं होतं. त्यासाठी आमचंच गाव सापडलं मेल्यांना! निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसत्या खडूच्या गोळ्या. दिसायला सगळ्या सारख्या. बाटलीवर फक्त नंबर. आठवड्याच्या सात गोळ्या, रोज रात्री एक.

खडूचं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पुढं कळलं.

चिमाजीचा नंबर अकरा. पहिला आठवडा गेला, फरक शून्य. दुसऱ्या आठवड्यात त्यानं सातच्या सात गोळ्या एकदम गिळल्या.

“एकीनं माशीबी झोपायची न्हाई,” म्हणाला.

तरी काही झालं नाही. डॉक्टर रागावेल म्हणून दोघं गप्प बसली.

तिसऱ्या बुधवारी चिमाजी कांद्याला पाणी देत होता. म्हणून बाटली आणायला भागूबाई गेली.

“कुणाच्या गोळ्या? नाव सांगा,” कंपाउंडर म्हणाला.

आता त्या काळची बाई. नंबर तिला ठाऊक नाही, आणि नवऱ्याचं नाव घेईल? तिनं पदर तोंडाला लावला.

“आमच्या रखमाच्या बापाच्या द्या.”

कंपाउंडर परगावचा. त्यानं रांगेत विचारलं, “कोण हो हा रखमाचा बाप?”

“रंगराव की!” मागून कुणीतरी ओरडलं.

रंगरावाचीही लेक रखमाच होती. भागूबाईनं ते ऐकलं. तोंड उघडलं. पण नाव घेतल्याशिवाय सांगणार कसं? गोळ्या तर सगळ्यांच्या एकाच रंगाच्या... तिनं रंगरावाची बाटली घेतली आणि घरी आली.

त्या रात्री चिमाजीनं मागल्या आठवड्यासारख्याच सातही गोळ्या एकदम घेतल्या.

बाज करकरली नाही.

किती दिवसांनी! भागूबाईनं देवाला हात जोडले आणि स्वतःही गाढ झोपली.

सकाळी चिमाजी उठला नाही. अंग गार पडलं होतं.

निरोप धाडून पुण्याहून डॉक्टरला आणलं. त्यानं वही उघडली. अकरा नंबर, खडू. “खडूनं कुणी मरत नसतं. हृदय बंद पडलं असेल,” म्हणाला.

“साहेब, बाटली रंगरावाची होती वो! माझ्या हातानं आनली मी!”

“बाईला धक्का बसलाय, काहीबाही बोलतेय,” कंपाउंडर म्हणाला, आणि बाटली खिशात घालून निघून गेला. झालं! एवढ्यात माणूस मिटला.

तेरावं उरकलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी भागूबाई पडवीत बाजरी पाखडत होती.

करर्र...

तिनं वर पाहिलं. बाज रिकामी.

पुन्हा... या कुशीवरून त्या कुशीवर. तोच उसासा.

सुपातले दाणे सांडले होते. एरवी चिमण्या तुटून पडायच्या. त्या दिवशी एकही आली नाही. घरचं कुत्रं अंगणातूनच बघत होतं.

मग रोज दुपारी. रोज रात्री.

चिमाजीचा भाऊ दत्तोबा, त्यानं बाज उचलून गोठ्यात नेऊन टाकली.

पडवीत बाज नाही... आणि करकर पडवीतच!

चिमाजीची आई, सोजराबाई, ऐकून ऐकून अर्धी झाली होती. ती सुनेला म्हणाली, “मेला तरी माझ्या लेकाला झोप न्हाई गं. मी हाका मारल्या, ऐकंना. तू नाव घेऊन सांग त्याला, निज म्हनावं.”

“मी? नाव घिऊ?”

“आता कसली लाज बये!”

भागूबाई त्या रिकाम्या जागेपुढं बसली. सोळा वर्षांच्या संसारात ते नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

“चिमाजी...” ती म्हणाली. “चिमाजी, निजा आता.”

करकर थांबली.

कुठं पान हलेना.

आणि मग अगदी कानाशी... दमलेला, ओळखीचा आवाज...

“आता घेतीस व्हय नाव?”

सोजराबाईनंही ऐकलं.

त्यानंतर पडवीत कधी आवाज आला नाही. पण भागूबाईची झोप गेली ती गेलीच. ते औषध पुढं बाजारात आलं म्हणतात. फार गुणकारी म्हणे. असेल बाबा!

मी तिला पाहिलं तेव्हा ती सत्तरीला आली होती. दारात कुणीही येऊ दे, बोहारीण, पोस्टमन, मतं मागणारे. पाणी विचारायच्या आधी सांगायची, “माझ्या मालकाचं नाव चिमाजी. चिमाजी. नीट ल्हून घ्या.”

मग पडवीकडं वळून हळूच म्हणायची, “आता बराबर सांगितलं न्हवं?”

पडवीत कुणीच नसायचं. ती जरा वेळ ऐकत राहायची... आणि पदर डोळ्याला लावायची.

तिला काय ऐकू यायचं, हे विचारायची छाती मला कधी झाली नाही.