ब्रॅक्सली हॉलची वही

"मावशी, ती वही मिळाली नाही तर माझी पाच वर्षं पाण्यात!" ज्ञानदा म्हणाली.

ज्ञानदा जिला मानाने मावशी म्हणायची, ती सुवर्णा नाडगौडा परवानाधारक खासगी गुप्तहेर होती. नवरा गुरुनाथ तिची गाडी चालवायचा आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दोघं अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी ज्ञानदाच्या अपार्टमेंटमध्ये आली होती.

ज्ञानदाची पीएचडी इंग्लंडमधल्या ब्रॅक्सली हॉल या जहागिरीवर आणि तिच्या मालकांवर, हॅथर्ली घराण्यावर होती. घराण्याची पांढऱ्या चामड्यात बांधलेली दोनशे वर्षं जुनी वही व्हर्जिनियातल्या मिसेस हॅथर्लींनी निव्वळ विश्वासावर तिला दिली होती. काल, दसऱ्याला, ती नाहीशी झाली.

"नऊला मी क्लास घ्यायला गेले, तेव्हा घरीच ठेवलेल्या बॅगेत होती. एकला देवांगबरोबर जेवायला आले. तो गेल्यावर बॅग उघडली, तर गायब."

रूममेट अदिती म्हणाली, "मी आठपासून लॅबमध्ये होते. कार्ड-एन्ट्री चेक करा."

"ती वही मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू?" ज्ञानदाबरोबर पीएचडी करणारा देवांग म्हणाला. "पण मी टी-शर्टवर आलो, बॅगसुद्धा नव्हती. ज्ञानदानेच मला बसपर्यंत सोडलं."

ज्ञानदाची आई प्रतिमाकाकू पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी चहा आणला. "दहाला पुस्तकांची पूजा केली. पण त्या वहीला मी हात लावला नाही."

कोपऱ्यात पुस्तकांचा गठ्ठा तसाच होता. वर झेंडूची फुलं, शेजारी कुंकवाचा करंडा. सुवर्णाने वरचं निळं पुस्तक उचलून न्याहाळलं. स्वच्छ होतं.

"देवांगच," गुरुनाथ कुजबुजला.

"काकू, पूजा कुंकवाशिवाय केलीत?"

"छे! असं कसं करीन?"

"मग वरच्या पुस्तकावर बोट का उठलं नाही? हळदकुंकू आपण सगळ्यात वरच्या पुस्तकाला लावतो. ज्याला लावलं, ते इथे नाही. देवांग एकला आला, रिकाम्या हाताने गेला. अदिती लॅबमध्ये. दहाला घरात तुम्ही एकट्याच होतात."

काकूंनी सुटकेसमधून साडीत गुंडाळलेली वही आणली. पांढऱ्या चामड्यावर तळव्याएवढा लाल डाग होता.

"सगळ्यात जुनी म्हणून वर ठेवली गं. मग डागाची भीती वाटली. ओल्या फडक्याने पुसलं, तर पसरलंच."

ज्ञानदाने डागावरून बोट फिरवलं. मग तिने मिसेस हॅथर्लींना फोन लावून इंग्रजीत सांगितलं, "वहीवर डाग पडलाय. चूक माझी आहे."

काकू काही बोलणार, तोच तिने हाताने थांबवलं.

"त्यांनी वही आजच परत मागितलीय," फोन ठेवून ती म्हणाली. "पुन्हा देणार नाहीत. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण वहीशिवाय लिहावं लागेल."

"अगं, माझं नाव का नाही सांगितलंस?"

"माझ्या यशासाठीच पुजलीस ना? मग?"

त्यावर मात्र काकूंना रडू आवरेना.